स्पितीला जायचंय खरं, पण पहिल्या रात्री झोपणार कुठे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यासाठी १५ ऑगस्टला जोडून ८ दिवस सुट्टी काढताय, चंदीगडला विमानानं उतरून रात्रभर गाडीनं मनाली, तिथनं दुसऱ्या दिवशी थेट चंद्रताल तळ्याजवळ तंबूत मुक्काम, मग काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, तिथे दोन रात्री, मग ताबो-नाको-कल्पा करत शिमल्याकडनं खाली. सोबत आई, वय ६१, बीपीची एक गोळी चालू, आणि ७ वर्षांचा मुलगा. जमेल का? आणि आई विचारतेय छोटा कुकर बरोबर घेऊ का.

स्पिती जमेल, हा प्लॅन नाही जमणार. तुम्ही जागा सगळ्या बरोबर निवडल्यात, फक्त उलट्या क्रमानं लावल्यात आणि महिना चुकीचा घेतलाय. मी बारा-तेरा वर्षं छोटे ग्रुप घेऊन तिकडे जाते आणि दर वर्षी माझ्याकडे जे प्लॅन येतात त्यातले निम्मे तरी असेच असतात, कारण मनालीकडनं किलोमीटर कमी दिसतात. मनाली ते काझा साधारण २०० आणि शिमला ते काझा ४००च्या वर, मग माणूस म्हणणारच की जवळच्या बाजूनं जाऊ. पण तिकडे किलोमीटर मोजायचेच नसतात हो. कागद घ्या, प्रत्येक रात्रीसमोर गावाचं नाव लिहा आणि त्यापुढे त्या गावाची उंची लिहा. बास, मग प्लॅन चांगला की वाईट ते त्या आकड्यांवरूनच दिसतं.

तुमचा कागद असा होतो: पहिली रात्र गाडीत, म्हणजे झोप नाहीच. मनाली २००० मीटर, आणि दुसरी रात्र चंद्रताल, साधारण ४२५० मीटर. एका दिवसात २२०० मीटर वर, तेही आदल्या रात्रीचं जागरण घेऊन. डॉक्टर मंडळी काय सांगतात, तर ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात ५००च्या वर वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. दिवसा कितीही वर भटका, त्याचं एवढं नाही. झोपायला खाली या. झोपेत श्वास आपोआप उथळ होतो आणि ऑक्सिजन अजून खाली जातो, म्हणून त्रास बहुतेक वेळा रात्रीच सुरू होतो. आणि "हवेत ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो ते पूर्ण बरोबर नाही, प्रमाण तेच २१ टक्के असतं, हवेचा दाब कमी असतो. काझ्याला समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के, चंद्रतालला ६०च्या आसपास. म्हणजे एका श्वासात जेवढं मिळायचं त्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडं कमीच मिळतंय समजा, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, इच्छाशक्तीचा काही संबंध नाही.

फिटनेसचाही नाही. हे मी माझ्याच चुकीतून शिकलेय. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा मनाली ते चंद्रताल असा प्लॅन करायचे, सगळेच करतात म्हणून. एका ग्रुपमध्ये अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता, रोज जिमला जाणारा, सिंहगड दर रविवारी, आणि एक चौसष्टच्या काकू, ज्यांची मला काळजी. संध्याकाळी तो म्हणाला डोकं जड झालंय, जेवला नाही, मी म्हटलं प्रवासाचं असेल. रात्री दीडला त्याच्या तंबूतल्या मित्रानं हाक मारली. बाहेर आला तर झिंगल्यासारखा चालत होता, दारूचा थेंब नाही आणि पाय कात्रीसारखे पडतायत. मी त्याला म्हटलं टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चाल, तिसऱ्या पावलाला बाजूला कलला. तिथे माझी वाचाच बसली, कारण हे मेंदूला सूज येण्याचं लक्षण आहे आणि त्यावर उपाय एकच, लगेच खाली नेणं. बरं, खाली म्हणजे कुठे? काझ्याकडे जायचं तर आधी कुंझुम खिंड चढायची, साडेचार हजारांच्या वर, म्हणजे आजारी माणसाला अजून वर न्यायचं. दुसरी बाजू म्हणजे बातल-छत्रूचा दगडगोट्यांचा रस्ता, अंधारात. आम्ही दुसरी बाजू घेतली. छत्रूच्या अलीकडेच तो शुद्धीवर आल्यासारखा बोलायला लागला, उजाडल्यावर मनालीला दवाखान्यात दाखल केला, दोन दिवसांत ठणठणीत झाला. चौसष्टच्या काकू मजेत होत्या, सकाळी तंबूबाहेर चहा पीत बसल्या होत्या म्हणे.

त्या रात्री मला कळलं की उंचीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, इथून पळायचं झालं तर रस्ता खाली जातो की वर? चंद्रताल ही त्या दृष्टीनं अडकायची जागा आहे. आणि म्हणून मी आता सगळ्यांना किन्नौरकडनं नेते. शिमला, नारकंडा, सांगला, कल्पा, मग ताबो, मग काझा. तिकडनं गेलं की पायरी-पायरीनं चढता, आणि काझ्यात कुणाला त्रास झालाच तर ४७ किलोमीटरवर ताबो आहे, ३२८० मीटर, कुठली खिंड न ओलांडता दीड-दोन तासांत चारशे मीटर खाली. चारशे मीटर ऐकायला कमी वाटतं पण सौम्य त्रास असेल तर तेवढ्यानं माणूस बदलतो, बघितलंय मी.

आता महिन्याचं. ऑगस्टमध्ये गंमत अशी की खुद्द स्पितीत पाऊस जवळपास नसतोच, पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अडवतात, म्हणूनच ते सगळं वाळवंटासारखं दिसतं. त्यामुळे लोक म्हणतात स्पिती पावसाळ्यात बेस्ट. पण स्पितीत पोचायला किन्नौरमधून जावं लागतं ना, आणि किन्नौरमध्ये पाऊस पडतो. सतलजच्या काठानं कडा कापून काढलेला रस्ता आहे, वरनं दगड येतात. २०२१ साली २५ जुलैला सांगल्याजवळ बटसेरीला दरड पडून ९ पर्यटक गेले आणि ११ ऑगस्टला निगुलसरीला बस आणि गाड्यांवर डोंगर आला त्यात २८ माणसं गेली. घाबरवण्यासाठी नाही सांगत, पण जुलैचा मध्य ते ऑगस्टचा शेवट त्या रस्त्यावर आई आणि लहान मुलाला घेऊन मी स्वतः जाणार नाही, तुम्हालाही जा म्हणणार नाही. मनालीच्या बाजूला तेव्हा नाले फुगलेले असतात, म्हणजे तिकडनंही सुख नाही.

जून चालतो, पण जूनच्या सुरुवातीला कुंझुम उघडेलच याची खात्री नसते आणि सांगला-कल्प्याला गर्दी असते. माझी पसंती ५ ते २५ सप्टेंबर. पाऊस ओसरलेला, नाल्यांचं पाणी उतरलेलं, आकाश असं निळं की फोटो खोटे वाटतात, आणि किन्नौरमध्ये सफरचंदं लगडलेली. ज्या वर्षी गणपती लवकर उरकतात त्या वर्षी पितृपंधरवडा नेमका या तारखांत येतो आणि आपल्याकडचे बरेच लोक तेव्हा बुकिंग करत नाहीत, आमच्यासारख्यांना बरंच की, गाड्या मिळतात, खोल्या मिळतात. मुलाची शाळा बुडेल आठवडा-दीड आठवडा, ते तुमचं तुम्ही बघा, पण सहामाहीच्या आधी असतं सगळं. दिवाळीची सुट्टी धरू नका, तोपर्यंत कुंझुम बंद होण्याची वेळ आलेली असते, काझ्यात नळाचं पाणी गोठायला लागतं.

दिवस ८ पुरणार नाहीत. शिमल्याकडनं चढून मनालीकडनं उतरायचा पूर्ण गोल करायचा तर ११ लागतात, आणि त्यातला एक मोकळा ठेवायचाच. मी लावते तो क्रम असा. पहिल्या दिवशी चंदीगडहून नारकंडा, साधारण २७०० मीटर, शिमल्यात अडकूच नका, ट्रॅफिकमध्ये दोन तास जातात. दुसऱ्या दिवशी सांगला, उंची तेवढीच. लांबचा दिवस आहे पण रस्ता सुंदर, सतलज सोडून बस्पाच्या खोऱ्यात वळलात की गाडीत सगळे आपोआप गप्प होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी छितकुल बघायचं, ३४५० मीटर, दोन-तीन तास नदीकाठी बसायचं आणि झोपायला कल्पा, २९०० आणि थोडं वर. हीच ती दिवसा वर, रात्री खाली वाली युक्ती. कल्प्याला पहाटे उठा, समोर किन्नर कैलास असतो, खिडकीतनं दिसतो, थंडीत बाहेर यायचीही गरज नाही.

चौथ्या दिवशी कल्पा ते ताबो. या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्या सहलीतला हाच दिवस माझा लाडका आहे. पू नावाच्या गावापुढे झाडं संपतात. हळूहळू नाही, संपतातच. खाबला सतलज आणि स्पिती नदी भेटतात, सतलज तिबेटातनं येते, स्पिती आपण जाणार तिकडनं, आणि पूल ओलांडून रस्ता स्पितीच्या बाजूला लागला की वळणावर वळण घेत चढायला लागतो. इथे पोट डचमळणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी. वर नाको, ३६५० मीटरच्या आसपास, छोटं तळं, दगडी घरं. बरेच जण नाकोलाच मुक्काम करतात, मी नाही करत, कारण कल्प्याहून सातशे मीटरची उडी होते. तिथे जेवायचं, तळ्याला चक्कर मारायची आणि पुढे ताबोला उतरून झोपायचं. नाकोच्या पुढे मलिंगचा पट्टा आहे, डोंगर तिथे कायम सरकत असतो, तो दुपारच्या आत ओलांडलेला बरा. सुमदोला चौकी आहे, ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं. भारतीयांना परमिट लागत नाही, परदेशी मित्र सोबत असेल तर त्याला लागतं, ते कल्प्याच्या खालच्या रेकाँग पिओला काढून घ्यावं लागेल. वेळ असेल तर मध्ये ग्यू गावाला वळून या, १९७५च्या भूकंपानंतर सापडलेला एका भिक्षूचा नैसर्गिक ममी झालेला देह आहे तिथे, बसलेल्या स्थितीतला. लहान मुलांना दाखवावा की नाही ते तुम्ही ठरवा, माझी भाची "आजोबा झोपलेत का" म्हणाली होती.

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. ९९६चा. बाहेरनं बघाल तर मातीचे गोल-चौकोनी ढिगारे वाटतात, लोक म्हणतात हे काय, इतक्या लांब यासाठी आलो? आत जा. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या. भिंतीवर मूर्ती जणू हवेत बसल्यासारख्या बाहेर आलेल्या आहेत, मातीच्या, आणि त्यांच्यामागे हजार वर्षांचे रंग. आत फोटो काढायला मनाई आहे, टॉर्च घेऊन जा आणि भिक्षूंना विचारूनच लावा. फ्लॅश मारून "एकच काढतो" म्हणणारे आपलेच लोक असतात, लाज वाटते कधीकधी.

पाचव्या दिवशी ताबो ते काझा, वाटेत ढंकर. अंतर थोडं आहे म्हणून निवांत. सहावा आणि सातवा दिवस काझ्यातच, रोज वर जाऊन परत काझ्याला झोपायला. एक दिवस की नावाचं गाव, किब्बर, चिचमचा पूल. दुसरा दिवस लांगझा, हिक्किम, कोमिक, ही तिन्ही गावं ४४०० ते साडेचार हजारांच्या वर आहेत. लांगझाला मोठी बुद्धमूर्ती आहे आणि मागे चाऊ चाऊ कांग निल्डाचं ६३०० मीटरचं शिखर, पण मुलाला तिथे दगड बघू द्या. पोरं हातात शंखाच्या आकाराचे दगड घेऊन येतात, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत, तेव्हा तिथे टेथिस समुद्र होता. बघा, हातात घ्या, विकत घेऊ नका आणि उचलून आणू नका. हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३पासून आहे, तिथनं पोस्टकार्ड टाकायची फार हौस असते सगळ्यांना आणि तिथे गेल्यावर कळतं की कुणालाच कुणाचा पत्ता पाठ नाही. नेटवर्क बऱ्याचदा नसतं म्हणून विचारताही येत नाही. पिनकोडसकट चार पत्ते घरूनच वहीत लिहून न्या.

आठव्या दिवशी काझ्याहून पहाटे निघून कुंझुम ओलांडून चंद्रताल बघून मनाली, नववा मनालीत लोळायचं, दहावा चंदीगड, अकरावा राखीव. चंद्रताल या क्रमानं आला की तुम्ही चार रात्री सव्वातीन हजार मीटरच्या वर काढलेल्या असतात, म्हणजे शरीर तयार असतं. तुम्ही आणि मुलगा असता तर मी म्हटलं असतं राहा एक रात्र, तळ्याच्या काठावर नाही, तिथे तंबू लावायला बंदी आहे, छावण्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. पण आई सोबत असताना मुक्काम नको. दोन तास थांबा, पार्किंगपासून तळ्यापर्यंत हळूहळू चाला, आणि निघा. दिवस फार लांब होतो हे मान्य, चौदा तास धरा. आईंना तो दिवस जड वाटेल असं वाटत असेल तर चंद्रताल सोडूनच द्या, खरंच, नुसता कुंझुमवरून दिसणारा चंद्रा खोऱ्याचा देखावाही पुरे आहे. खिंडीत देवीचं मंदिर आहे, ड्रायव्हर लोक गाडीनंच प्रदक्षिणा घालतात, घालू द्या, घाई करू नका.

आणि सुट्टी ८ दिवसच मिळणार असेल तर? मग गोल करू नका. सांगला, छितकुल, कल्पा, ताबो आणि त्याच रस्त्यानं परत. काझा राहील, राहू दे. मला माहितीय हे ऐकायला नको वाटतं, सगळं एकदाच बघून घ्यायचं असतं, परत कोण येतंय. पण ८ दिवसांत पूर्ण गोल म्हणजे रोज दहा तास गाडीत आणि राखीव दिवस शून्य. राखीव दिवस चैन नाहीये. सप्टेंबर २०१८च्या चौथ्या आठवड्यात लाहौल-स्पितीत अचानक बर्फ पडला आणि शेकडो लोक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं लागली. जुलै २०२३ला, भर जुलैत, चंद्रतालला बर्फ आणि बंद रस्ते, सुमारे ३०० पर्यटक छावण्यांमध्ये चार-पाच दिवस. त्यातल्या प्रत्येकाचं परतीचं विमान ठरलेलं असणार ना. म्हणून परतीचं तिकीट चंदीगडहूनच घ्या, कुल्लूजवळच्या भुंतर विमानतळावर छोटी विमानं येतात आणि हवा बिघडली की रद्द होतात.

औषधांचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची का, तर तुमच्या आणि आईंच्या डॉक्टरांना विचारून. मी डॉक्टर नाहीये, पण काय विचारायचं ते सांगू शकते. सर्वसाधारणपणे मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून असं देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आईंची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का ते विचारा, कारण डायमॉक्सही तेच करतं. बोटांना मुंग्या येतात, ते नॉर्मल आहे. किन्नौरकडनं सावकाश चढलात तर बऱ्याच जणांना गोळीची गरजच पडत नाही. आईंचा ईसीजी मात्र करून घ्याच, बीपी चांगलं ताब्यात असेल तर बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. बीपीच्या गोळ्या हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत नाही, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या.

कापराची पुडी. प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये कुणीतरी रुमालात कापूर बांधून आणतंच आणि गाडीभर हुंगायला देतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच, रक्तातला ऑक्सिजन काही वाढत नाही. आणा हवं तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबेही तसेच, काही मिनिटांत संपतात. काझ्यात सरकारी दवाखाना आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो, आणि चांगले ड्रायव्हर गाडीत मोठा सिलिंडर ठेवतात, बुक करताना विचारा. ऑक्सिमीटर आणणार असाल तर आणा पण काझ्यात ८६-८८ दिसलं म्हणून घरी फोन करून रडारड नको, तिथे चांगल्या माणसांचंही तेवढं येतं. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकं दुखतंय पण पाणी-जेवण चालू आहे, चालतोय नीट, तर त्याच उंचीवर आराम. गोळी घेऊनही डोकं थांबत नाही, उलट्या होतायत, तर वर जायचं बंद. नुसतं बसल्याजागी धाप लागतेय, खोकला येतोय, किंवा चालताना तोल जातोय, तर रात्र असो पहाट असो, गाडी काढायची आणि खाली.

मुलाचं वेगळं असतं, तो डोकं दुखतंय असं म्हणणारच नाही कदाचित. किरकिर करेल, आवडीचा खाऊही नको म्हणेल, खेळायचा बंद होईल. ३००० मीटरच्या वर असताना असं झालं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं. त्याला एक गंमत दाखवा, ताबोच्या अलीकडे वेफर्सची पाकिटं फुगून उशीसारखी व्हायला लागतात, बाहेरचा दाब कमी झाला म्हणून. आमच्या गाडीत एकदा धाडकन फुटलं, ड्रायव्हरला वाटलं टायर गेला.

गाडीबद्दल एकच आग्रह, ड्रायव्हर त्या रस्त्याचा हवा. एकदा स्वस्त पडला म्हणून मैदानातला ड्रायव्हर घेतला होता, पहिल्याच मोठ्या चढाला क्लच जाळला आणि आम्ही चार तास रस्त्यावर. छत्रू-बातलच्या मधे नाल्यांमधून गाडी काढायची असते, पूल नाहीत बऱ्याच ठिकाणी. जाणता ड्रायव्हर पाण्याशी आला की आधी उतरतो. समोरून येणाऱ्या गाडीचं चाक कुठपर्यंत बुडतंय बघतो, एक-दोन दगड टाकून आवाज ऐकतो, मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता काढतो. हे नाले सकाळी अर्ध्या पोटरीला असतात आणि दुपारी तीनला गुडघ्याच्या वर, कारण उन्हानं वरचं बर्फ वितळून तोपर्यंत खाली पोचलेलं असतं. म्हणून पहाटेचा हट्ट. त्याला अंधारात चालवायला लावू नका, "भैया थोडा और खींच लो" अजिबात म्हणू नका, तो नाही म्हणत असेल तर त्याचं ऐका.

बाकी पटकन: पेट्रोल रेकाँग पिओच्या पायथ्याला पोवारीला भरून घ्या, पुढे काझ्यात मिळतं, काझा ते मनाली मधे काहीच नाही. काझ्यात एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही, रोख रामपूरच्या आधीच काढा, नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. प्रीपेड सिम चालतं, पोस्टपेडच लागतं ते लडाखमध्ये. काझ्यात फोन लागतो, वरच्या गावांमध्ये आणि काझा-मनाली रस्त्यावर धरूच नका. कपडे एकावर एक घालता येतील असे, एक जाडजूड जॅकेट घेऊन उपयोग नाही, दुपारी उन्हात टीशर्ट आणि सूर्य डोंगरामागे गेला की दहा मिनिटांत टोपी. सनस्क्रीन मुलालासुद्धा, नाक सोलून निघतं नाहीतर. पहिले चार दिवस दारू नाही, झोपेची गोळी नाही.

होमस्टेमध्ये राहणार असाल तर संडास कोरडा असू शकतो, म्हणजे खाली खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग, वापरून झालं की फावड्यानं माती टाकायची. तोच माल वसंतात मटार आणि जवाच्या शेतात जातो. आईंना आधीच सांगून ठेवा. आणि आंघोळीला गरम पाण्याची बादली मागताना विचार करा, ते पाणी लांबून आणलेलं असतं, गरम करायला जळण पण लांबूनच.

राहिला कुकर. आईंचं डोकं बरोबर चाललंय, काझ्यात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास शिजत नाही आणि भातही मधे कच्चा राहतो. पण म्हणूनच तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कुकर असतोच, आपल्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त देतात इतकंच. तेव्हा कुकर घरी राहू दे, त्या जागेत मेतकूट, तुपाची छोटी बरणी आणि लिंबाचं लोणचं आणा. तोंडाची चव गेली की थुक्पा-मोमो नको होतात आणि गरम भात-मेतकूट पोटात जातो, माझ्या त्या चौसष्टच्या काकूंनी अख्खा ग्रुप त्यावर जगवला होता. बरणीचं झाकण मात्र काझ्यात पहिल्यांदा उघडताना तोंड लांब धरा, लोणच्याचा खार फस्सकन बाहेर येतो.